गावात विहार बांधतोय : जुन्या जागेवर की टेकावर? आणि भंतेंच्या खोलीचं काय?

पाणंदीकडची

सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. अजून बऱ्याच गोष्टी ठरायच्यात आणि नाव आलं की माणसं दुखावतात. बौद्ध वस्तीत साठेक उंबरा आहे. वस्तीच्या मधोमध जुनं समाजमंदिर, वीस बाय पंधराची एकच खोली, वर सिमेंटचा पत्रा. त्यालाच आम्ही इतकी वर्षं विहार म्हणत आलो. पौर्णिमेची वंदना तिथं, साखरपुडे तिथं, १४ एप्रिलची बैठकही तिथंच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा सांगलीला आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची खूणच ४५ फुटांवर आहे. आमच्या समाजमंदिरात पाणी खिडकीच्या वरच्या चौकटीला लागलं. भावानं बुद्धमूर्ती पोत्यात गुंडाळून डोक्यावर घेतली, मी बाबासाहेबांचा फोटो घेतला. नावेत चढताना फोटोची काच तडकली. ती अजून आम्ही बदललेली नाही. पाणी उतरल्यावर आत गुडघाभर गाळ होता. वडिलांनी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेवर लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढला आणि तारीख घातली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, ते त्या पट्ट्याच्या दोन वीत खाली थांबलं.

आता भिंती फुगल्यात, पत्रा गळतो. नवीन विहार बांधायचं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. एकमत तिथंच संपलं.

पहिला प्रश्न जागेचा. जुनी जागा वस्तीच्या मध्यात, सगळ्यांच्या सवयीची, पण पाण्याची. दुसरी जागा माझी चुलत आजी द्यायला तयार आहे, गावाबाहेर टेकावर, तिच्या शेताच्या कोपऱ्यातले तीन गुंठे. तिथं दोन्ही पुरांत पाणी चढलं नाही. चालत दहा-बारा मिनिटं. जमीन वतनाची आहे, म्हणजे पूर्वी गावकीच्या कामाबदल्यात मिळालेली.

आजीबद्दल दोन ओळी लिहिते. तिचं लग्न झालं त्याच साली नागपूरची दीक्षा झाली. सासरे नागपूरला जाऊन आले आणि आल्यावर घरातले देवाचे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. ती सांगते, "मी पाण्यात कमरेपर्यंत उभी होते, फडकं माझ्याच हातात होतं, आणि माझे हात सुटत नव्हते." तेव्हापासून घरात एकच तसबीर. विहारासाठी जमीन द्यायचं तिनं स्वतःहून काढलं, कोणी मागितली नव्हती.

दुसरा प्रश्न बांधकाम कसं असावं याचा. पोरांना मोठा घुमट हवा, रस्त्याला कमान हवी, नऊ फुटी मूर्ती हवी. जमलेल्या पैशात ते बसवायचं तर खाली एक हॉल आणि वर घुमट, इतकंच होतं. माझं म्हणणं असं, की आधी एक खोली काढा जिथं भंतेजी वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहायचे, तीन महिने राहू शकतील. आमच्या गावात भंतेजी येतात ते दोन तासांसाठी. लग्न नाहीतर पुण्यानुमोदन, म्हणजे माणूस गेल्यावरचा विधी, उरकलं की कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून परत. माझ्या मुलीनं दहावी होईपर्यंत भिक्खू सकाळी उठून काय करतात ते पाहिलेलं नाही. ज्या घरात कोणी राहत नाही, जे पौर्णिमेला उघडतं आणि एरवी कुलपात असतं, त्याला विहार कसं म्हणायचं?

बैठकीत हे बोलले तर एक जण म्हणाला, "ताई, खोली बांधून भंते येणार आहेत का?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. इथं बांधकामातले, महसुलातले, धम्मकार्यातले लोक आहेत. मनापासून सांगा.

गिलावा

ताई, मी मिरजेत बांधकामात आहे, वीस वर्षं झाली. जागा बघितल्याशिवाय शेवटचं काही बोलत नाही, पण कृष्णाकाठच्या काळ्या रानाचं मला माहीत आहे.

सगळ्यात आधी पूररेषा बघा. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम करायचंच नसतं. दोन्हींच्या मध्ये अटी घालून परवानगी मिळते. तुमची जुनी जागा निळ्याच्या आत निघाली तर चर्चा तिथंच थांबते, मग भावना काहीही असोत. तेव्हा बैठकीआधी नकाशा.

दुसरं माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं जोतं तिच्याबरोबर हलतं. तुमच्या समाजमंदिराच्या भिंतींना कोपऱ्यातून तिरक्या भेगा गेल्या असतील, बघा. त्या पुराच्या नाहीत, मातीच्या आहेत. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा, मग तो सहा फुटांवर लागो की दहा. कॉलम एकमेकांना खालून बीमनं बांधायचे. खड्ड्यात काढलेली काळी माती परत भरायची नाही, मुरूम आणून थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून भरायचा. इथंच गावात पैसे वाचवतात आणि पाच वर्षांनी रडतात.

टेकावर मुरूम दोन-तीन फुटांवर लागेल. म्हणजे पायाचा खर्च तिथं बराच कमी. त्या वाचलेल्या पैशात तुमची भंतेंची खोली निघते, हे बैठकीत सांगा.

घुमटाबद्दल. काँक्रीटचा भरीव घुमट फार जड होतो आणि त्याचा भार हॉलच्या मधोमध, जिथं तुम्हाला कॉलम नको असतो. हवाच असेल तर फेरोसिमेंटचा करा, जाळी आणि गिलाव्याचा, पातळ. तो नंतरही बसवता येतो. आत्ता फक्त कॉलम-बीमचं डिझाइन करताना इंजिनीअरला सांगून ठेवा की पुढं वर घुमट येणार आहे. खोली मात्र नंतर जोडायची म्हटली की कधीच जोडली जात नाही. चाळीस गावांत बघितलंय.

मुंबईकर_वाळवा

जय भीम. मी घाटकोपरला असतो, मूळचा वाळवा तालुक्यातला. आमच्याही गावात हेच झालं, म्हणून बोलतो. माझं मत ताईंच्या विरुद्ध आहे.

विहार वस्तीतच पाहिजे. आमच्या वाडवडिलांना गावानं नदीकडच्या सखल बाजूला जागा दिली, ती काही आवडीनं दिलेली नव्हती. पण तिथंच त्यांनी मान वर करून राहायला सुरुवात केली, तिथंच निळा झेंडा लावला. आता टेकावर गेलात तर म्हातारी माणसं पौर्णिमेला चढून येणार नाहीत, आणि बायका दिवे लागल्यावर पाणंदीनं एकट्या येणार नाहीत. हा विचार झालाय का?

आणि घुमटाला नावं ठेवू नका. एसटीतून जाताना दहा गावांची देवळांची शिखरं लांबून दिसतात. आमच्या पोरांना वाटतं, आमचंही काहीतरी लांबून दिसावं. माझी आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. लोक रस्त्यावर उभे होते. मोठा हॉल ही चैन नाही.

आगाशिव

कराडवरून. या धाग्यावर मला जे माहीत आहे ते लिहितो, थोडं लांबेल.

ताई, "कोणी राहत नाही त्याला विहार कसं म्हणायचं" हा तुमचा प्रश्न शब्दाच्या मुळाशी जातो. पालीत विहार म्हणजे राहण्याची जागा. वंदनेची जागा ते चैत्यगृह. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक, त्यातल्या चुल्लवग्ग या भागात हकिगत आहे. सुरुवातीला भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, गवताच्या गंजीपाशी झोपत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीनं त्यांना पहाटे तसं येताना पाहिलं आणि विचारलं, मी विहार बांधले तर राहाल का? भिक्खूंनी भगवंतांना विचारलं. त्यांनी पाच प्रकारच्या निवासांना संमती दिली : विहार, अड्ढयोग, प्रासाद, हम्मिय आणि गुहा. श्रेष्ठीनं एका दिवसात साठ विहार उभे केले. एका दिवसात साठ, म्हणजे ती साध्या कुट्यांसारखीच बांधकामं असणार. त्या वेळी भगवंतांनी विहारदानाचं जे अनुमोदन केलं त्यात थंडी, ऊन, श्वापदं, साप, डास आणि पाऊस यांपासून विहार वाचवतो असं आहे. म्हणजे पहिलं काम निवाऱ्याचं. या पाच निवासांना मिळून पालीत 'लेण' म्हणतात. आपला लेणं हा शब्द तिथलाच.

आता हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तुमच्यापासून फार लांब नाही. कराडजवळ जखिणवाडीच्या वर आगाशिवाचा डोंगर आहे, त्यात साठाहून जास्त लेणी आहेत. सगळी जुन्या काळातली, बुद्धमूर्ती घडवायला लागण्याच्या आधीची, म्हणून चैत्यगृहात स्तूपच आहे. बहुतेक लेणी छोटी आहेत. एक पडवी, आत एक खोली, खोलीत भिंतीला लागून खडकातच कोरलेला ओटा. त्यावर भिक्खू झोपत. मी गेलो की एकदा तरी त्या ओट्यावर बसतो. मध्यान्हीच्या उन्हातही दगड गार असतो. बाहेर पाण्याची टाकी कोरलेली. शिलालेखांत तिला 'पोढी' म्हणतात. ओटा आणि पोढी, झोपायची जागा आणि पाणी, यापलीकडं त्यांनी फार मागितलेलं दिसत नाही. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर 'करहकट' इथल्या दात्यांचे लेख आहेत. ते करहकट म्हणजे आपलं कराड. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथली माणसं तिकडच्या स्तूपासाठी दान देत होती.

मुंबईकर दादा, तुमचं हॉलचं म्हणणं मला पटतं. पण समितीच्या पोरांना एकदा आगाशिवाला घेऊन या, मी येतो बरोबर. चैत्यगृह एखाददुसरं आणि राहायच्या खोल्या किती, ते त्यांनाच मोजू द्या.

सातबारा

महसुलात नोकरी झाली, आता निवृत्त. जमिनीचं लिहितो.

जुनी जागा आधी. समाजमंदिर सरकारी निधीतून बांधलेलं असणार, म्हणजे इमारत ग्रामपंचायतीची. ती पाडायची तर ग्रामसभेचा ठराव आणि पंचायत समितीकडून निर्लेखन, म्हणजे इमारत कागदोपत्री बाद करून घेणं. परस्पर पाडू नका, गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि सार्वजनिक जागेवर नवीन प्रार्थनास्थळ बांधायला सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आडवा येतो, तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. तिथं फार तर पुन्हा सामाजिक सभागृह होईल, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या निधीतून. ते होऊ द्या. तुमचा हॉल तिथं सरकारी पैशातून, विहार टेकावर वर्गणीतून. दोन्ही एकाच इमारतीत कोंबायचा अट्टहास का?

आता आजींची जमीन. वतनाची म्हणताय. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणलं होतं. ते तेव्हा झालं नाही. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, १ ऑगस्ट १९५९ पासून. जमिनी सरकारजमा होऊन त्याच वतनदारांना पुन्हा मिळाल्या, पण नवीन शर्तीनं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असं असेल. अशा जमिनीची विक्री, बक्षीस, दान, काहीही करायचं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शासनाचा नजराणा. परवानगीशिवाय बक्षीसपत्र केलं तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. आजींच्या हयातभराच्या भाकरीचा प्रश्न आहे, तेव्हा भावनेच्या भरात नुसत्या स्टॅम्पपेपरवर काही लिहून घेऊ नका. तीन गुंठे वेगळे काढताना तुकडेबंदीही, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे करायला असलेली बंदी, बघावी लागेल, आणि शेतजमीन म्हणून बिनशेतीचंही.

क्रम असा धरा. आधी विश्वस्त संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदवा. मग संस्थेच्या नावानं जमीन मिळण्यासाठी परवानगीचा अर्ज, सोबत आजींचा जबाब आणि त्यांच्या सगळ्या वारसांची संमती. लेकींची सुद्धा. लेकींना विसरतात आणि मग दहा वर्षांनी विहाराच्या दारात कोर्टाची नोटीस येते. मी अशा नोटिसा स्वतः बजावल्या आहेत, फार वाईट वाटतं.

माणदेशी

ताई, आमी आटपाडीकडचं. आमच्याकडं पुराचं भ्या नाय, पाण्याचंच भ्या. पर सलाबाचं सांगतो, ध्यान द्या.

आमच्या विहाराचा सलाब ठेकेदारानं टाकला आन नवव्या दिवशी सेंट्रिंगच्या फळ्या काढाय माणसं धाडली. का, तर त्येला त्याच फळ्या दुसऱ्या कामाव न्यायच्या हुत्या. आमचं म्हातारं दारात आडवं पडलं, म्हनलं आधी माज्यावरनं जावा. तरी निम्म्या काढल्याच. आज मधल्या बीमला झोळ हाय. वर घुमट बांधायचं सपान हुतं, आता इंजिनीर म्हनतो वर पाण्याची टाकीबी ठिवू नका. साऱ्या वस्तीनं द्राक्षाच्या बागंत, उसाच्या फडात राबून आणल्याला पैसा हुता त्यो. बायकांनी दर पुनवंला मूठमूठ जुंधळं घालून साठवल्यालं इकून शिमीट आणल्यालं.

ठेकेदाराला सारं काम एकदम दिऊ नका. मजुरीव द्या, माल तुमी आना. आन पानी माराय रोजची पाळी लावा, घरटी एक दिस.

गिलावा

माणदेशी दादांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. वीस फुटांपेक्षा लांब बीम असेल तर खालचे टेकू एकवीस दिवस हलवायचे नाहीत. करारात लिहून घ्या आणि त्या अटीवर पैसे अडकवून ठेवा. पाणी निदान दहा दिवस, उन्हाळ्यात जास्त. स्लॅबवर मातीचे वाफे बांधून पाणी उभं करा.

दादा, तुमच्या बीमला लोखंडी चॅनेल किंवा जॅकेट करून आधार देता येतो. फोटो पाठवा, मी बघतो. पैसे नकोत.

उपासिका_सातारा

नमो बुद्धाय. मी सातारा शहरात राहते. माता भीमाबाईंची समाधी याच शहरात आहे आणि बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्याच शाळेच्या रजिस्टरात चढलं. लहानपणापासून या दोन जागा बघत वाढले. गेली काही वर्षं आम्ही वर्षावासात भंतेजींची सोय करतो, त्या अनुभवातून ताईंच्या खोलीबद्दल लिहिते.

"खोली बांधून भंते येणार आहेत का?" या प्रश्नाचं उत्तर मी देते. खोली नसेल तर नक्की येणार नाहीत. आम्ही पहिल्या वर्षी एका उपासकाच्या घरात वरची खोली दिली. भंतेजी पंधरा दिवस राहिले आणि नम्रपणे म्हणाले, आता निघतो. घरात लहान बाळ, सुना, टीव्ही. त्यांना पहाटे चारला उठून चंक्रमण, म्हणजे ध्यान करत येरझाऱ्या, करायचं असायचं आणि घरातले जागे होतील म्हणून ते अंधारात गच्चीवर जाऊन बसायचे. आम्हाला ते कळलंच नव्हतं.

खोली बांधताना तिचं दार बाहेरून, स्वतंत्र हवं. हॉलमधून जायचं असेल तर बायकांची वंदना चालू असताना त्यांना अडकून बसावं लागतं. संडास-न्हाणी खोलीला लागून, कारण रात्री-अपरात्री म्हाताऱ्या भंतेंना अंगणातून पाठवणं बरं नाही. एक लांब पडवी ठेवा, पावसात चालायला. वर्षावास ऐन पावसात असतो, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. पंधरा-वीस फूट सलग चालता आलं पाहिजे. स्वयंपाकघर खोलीत नको. भिक्खू स्वतःसाठी रांधत नाहीत, भोजनदान उपासकांनी करायचं असतं, आणि तेही दुपारी बाराच्या आत. आमच्याकडं पहिल्या वर्षी एक काकू ऑफिसातून सुटून संध्याकाळी सहाला गरम पुरणपोळ्या घेऊन आल्या. भंतेजींनी हात जोडले. काकू पायरीवर बसून रडल्या. मग घरोघरी पाळ्यांचा कागद केला, आणि त्यांना रविवार दिला.

भंतेजी असले की काय होतं ते आधी सांगून समजत नाही. आमच्याकडं संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं. पहिल्या आठवड्यात सात बायका, शेवटी पडवीत बसायला जागा नाही. दारू पिणारी दोन माणसं रोज झाडून काढायला यायची. सुटली का दारू, तर एकाची सुटली. मुलं पालीतून त्रिशरण पंचशील म्हणायची आधीही, पण अर्थ विचारायला लागली.

आणि मुंबईकर दादा म्हणाले ते रात्रीच्या वाटेचं अगदी खरं आहे. विहार टेकावर न्यायचं असेल तर पाणंदीला दिवे आधी, मग कळस-घुमट जे काय ते.

शेजारगाव

मी तुमच्याच तालुक्यातला, मराठा शेतकरी. ओळखीचं गाव वाटतंय पण विचारत नाही.

२०१९ ला आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आम्ही सहा माणसं आणि दोन म्हशी तुमच्यासारख्याच एका वस्तीवरच्या समाजमंदिराच्या गच्चीवर दोन रात्री काढल्या. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी नाव उलटली. आम्हाला ती बातमी गच्चीवरच कळली, आणि नावेत पाय ठेवायची कोणाची छाती होईना. वस्तीतल्या बायकांनी स्वतःच्या पोरांच्या आधी माझ्या आईला चहा दिला. त्याआधी आमच्या आईनं त्या वस्तीत पाणी प्यालेलं मी बघितलं नव्हतं. ती आता नाही, पण मरेपर्यंत हे सांगायची.

टेकावर बांधा ताई. पुरात सगळ्या गावाला वर यायला जागा होईल. जोत्याच्या भरावाला मुरूम लागेल तो माझ्या ट्रॅक्टरनं आणून टाकतो, डिझेल माझं. गाव कुठलं ते मला खासगीत कळवा.

मुंबईकर_वाळवा

सातबारा साहेब, सभागृह सरकारी निधीतून जुन्या जागेवर आणि विहार टेकावर, हे मला सुचलं नव्हतं. पूररेषेत बसलं तर माझा आक्षेप बराचसा संपतो. घुमट पाहिजे हे मात्र अजूनही म्हणणार. पोरांचं मन मोडून काम करू नका, शेवटी स्लॅबला पाट्या तीच उचलणार.

एक अडचण आमच्या गावची सांगतो. देणगीदारांच्या नावाची फरशी. ज्यानं जास्त दिले त्याचं नाव वर, मोठ्या अक्षरात. त्यावरून दोन भावकीत बोलणं बंद झालं ते आजतागायत. ताई, नावंच लावू नका.

आगाशिव

यावर थोडं वेगळं मत. लेण्यांतल्या शिलालेखांत दात्यांची नावं आहेतच, आणि ती आहेत म्हणून आज आपल्याला त्या माणसांचा पत्ता लागतो. राजे, सेठ आहेत, तसे सुतार, लोहार, माळी, कोळीही आहेत. भिक्खुणींची दानं आहेत. शब्द एकच, 'देयधम', म्हणजे धर्मदान. कार्ल्याच्या चैत्यात एकेक खांब एकेका माणसाचं दान आहे.

तर नावं लावा, पण रक्कम लिहू नका. अक्षर एकाच मापाचं. क्रम वर्णानुक्रमे. ज्यांनी श्रमदान केलं त्यांचीही त्यातच. आणि बायकांची नावं नवऱ्याच्या नावाखाली न दडवता स्वतंत्र.

पाणंदीकडची

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं वाचून काढलं, काही पोस्ट बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवल्या. माणदेशी दादांची वाचली तेव्हा कोणी बोललं नाही.

पूररेषेचा नकाशा बघून आलो. जुनी जागा निळ्या रेषेच्या आत आहे. वस्तीतली अर्धी घरंही आत आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर दिसलं. परत येताना जीपमध्ये सगळे गप्प होते. म्हणजे तिथं सभागृहही नवीन होणार नाही. फार तर आहे त्याची डागडुजी, आणि तीही पंचायत करेल तेव्हा. पत्रा तरी बदलून मिळावा म्हणून ग्रामसभेत अर्ज दिलाय. तोपर्यंत वंदना तिथंच चालू राहील.

टेकाची जागा पक्की. पोरं आगाशिवाला जाऊन आली, अकरा जण, मोटारसायकलींवर. आगाशिव दादा, तुम्ही त्यांना ओट्यावर बसवलंत आणि अर्धा तास काही बोलला नाहीत म्हणे. माझा भाचा, ज्यानं नऊ फुटी मूर्तीचा हट्ट धरला होता, घरी येऊन म्हणाला, "मावशी, त्यांची खोली आपल्या बाथरूमएवढी आहे." दुसऱ्या दिवशी त्यानंच कागदावर नकाशा काढून आणला. हॉल तीस बाय वीस, मागं पडवी, पडवीच्या टोकाला खोली, बाहेरून दार. घुमटासाठी बीम जाड धरलाय आणि घुमट पुढच्या टप्प्यात. मूर्ती आपली जुनीच, पोत्यातून वाचलेली दीड फुटी. तिला नवी बैठक करायची, पूर्वेकडं तोंड. फोटोची काच बदलायची का, यावर मात्र दोन तट आहेत. आईला ती तडा गेलेलीच हवी आहे.

सातबारा काका, तुम्ही लेकींचं लिहिलंत म्हणून आजीच्या दोघी लेकींकडं गेलो, एक इचलकरंजीला, एक विट्याला. विट्याच्या आत्यानं सही करायच्या आधी विचारलं, "आमच्या आईला तिथं बसायला जागा ठेवणार ना?" पडवीत भिंतीला लागून दगडी ओटा करायचं तिथंच ठरलं. संस्थेचा अर्ज धर्मादाय कार्यालयात गेलाय. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या परवानगीला वेळ लागेल, वर्षही लागेल म्हणतात. त्याआधी एक वीटही ठेवायची नाही असं बैठकीच्या वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्यात. शेजारगाव दादा, तुमचा फोन आला आणि वडील बराच वेळ बोलत राहिले. मुरमाचं नंतर, पण पाणंदीवरच्या दिव्यांसाठी तुम्ही सरपंचांकडं आमच्याबरोबर आलात ते आम्ही विसरणार नाही. खांबांची मापं झालीत.

गिलावा दादांना विचारून पिंपळाची जागा मात्र काढून घेतली. बांधकामापासून पन्नास फूट लांब, बांधाला, म्हणजे मुळं पायात शिरणार नाहीत. पिंपळ आजीच्याच रानात, तिच्याच नावावरच्या जमिनीत, त्याला कोणाची परवानगी लागली नाही. पौर्णिमेला लावला. आजीला खुर्चीवर बसवून टेकावर नेलं. रोप खड्ड्यात धरायचं काम तिनं कोणाला दिलं नाही. माती लोटून झाली तरी दोन्ही हात बुंध्याला धरून बसली होती. "सोड आता," आई म्हणाली. आजी म्हणाली, "थांब जरा."

उपासिका ताई, तुमच्या भोजनदानाच्या पाळ्यांचा तो कागद असेल तर फोटो टाकाल का? आणि टेकावर बोअर नाही, तेव्हा छपराचं पाणी साठवायला टाकी केवढी धरायची, गिलावा दादा?

गिलावा

हॉल-पडवीचं छप्पर धरून हजारेक चौरस फूट होईल. चांगल्या एका इंच पावसात सव्वादोन हजार लिटर पाणी पडतं, पहिला पाऊस सोडून द्यायचा. दहा हजार लिटरची जमिनीखालची टाकी धरा, टेकाच्या उताराच्या बाजूला, आणि उपसायला हातपंप. पुरात वीज जाते. नकाशावर काढून पाठवतो.

उपासिका_सातारा

कागद सापडला. उद्या फोटो टाकते. रविवारी काकूंचंच नाव आहे, अजून.